मोटारीची खोड

माझे सासरे भगवंतराव बैल बघायला निघाले की सासूबाईंना बरोबर न्यायचे. आमच्या वाशीमकडच्या मालेगावातली माणसं त्यावरून हसायची. सासऱ्यांचं म्हणणं असं, की गड्याला बैलाची चाल कळते, पण खोड बाईला ठाऊक असते. वैरण घालते ती, पाणी दाखवते ती, शेण काढते ती. कोणता बैल मागून लाथ झाडतो, कोणता जुंपला की बसकण मारतो, हे तिला नवऱ्याच्या आधी कळलेलं असतं. विकणारा गडी बाजारात उभा राहून सात शपथा घेईल. त्याची बायको मात्र चुलीपुढं बसून दुसऱ्या बाईशी खोटं बोलत नाही. म्हणून सासरे बाजारात सौदा करायचेच नाहीत. आधी मालकाच्या घरी जायचे, आणि जमलं तर त्याच्याही आधीच्या मालकाच्या घरी.

सन छत्तीस-सदतीसची गोष्ट असेल. आमचा सगळा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचा. माझ्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं. वाशीमच्या रस्त्याला लागून आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची असं सगळं निघायचं आणि बैलगाडीनं वाशीमच्या बाजारात जायचं. गाडी पोचेपर्यंत ऊन चढायचं, आणि मेथीची जुडी मान टाकायची. माझे मालक चंपतराव वाशीमला उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारवाल्याकडे दोन वर्षं राहून मोटार हाकायला शिकले होते. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं, आपली मोटार घ्यायची आणि दिवस उगवायला भाजी बाजारात उतरवायची.

शेलूबाजारला हिरालाल नावाच्या व्यापाऱ्याकडे एक वापरलेली मोटार विकाऊ आहे, असं त्यांना कळलं. मागं बाकं काढून फळ्या ठोकलेली, म्हणजे भाजीच्या टोपल्यांसाठीच केल्यासारखी. आणि स्वस्त. ते दोन दिवस जेवले नाहीत नीट, इतका आनंद झाला होता.

मला मात्र त्या मोटारीचं दुसरंच काही ऐकू आलं. बाजाराच्या दिवशी कासारीण बांगड्या भरता भरता म्हणाली, "शेलूबाजारची हिरवी मोटार काय? ते तं माणसं खाते, माय. नाल्याच्या उतारावर थांबलीच नाही. दोघं गेले म्हंतात." माझा हात तिच्या हातात होता. तिनं दाबून बांगडी चढवली आणि मला दुखलंसुद्धा नाही. मालेगाव ते वाशीम या वाटेवर किती उतार आहेत ते मी मनात मोजत बसले होते.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी सासऱ्यांना. सासऱ्यांनी लेकाला बोलावलं.

"मोटार पाहून ये. पन हो म्हनू नको. तिच्या आधीच्या मालकाच्या घरी जाऊन ये, त्याच्या आधीच्याकडे बी जाय. अन् सूनबाईले संगं ने."

हे हसले. "बाबा, मोटारीले वैरन बाई घालते काय?"

"तेल-पानी कोनी तं घालत असंल. तुह्या मायचा गुडघा सुजला हाये, नाई तं तिलेच धाडलं असतं."

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला गुडघ्याला लेप लावायला बसवलं आणि हळूच शिकवलं. "पोरी, ईचारायचं का काहून विकलं. पह्यलं उत्तर सोडून दे. दुसरं बी सोडून दे. मंग घरातलं काहीबाही बोल, लेकराईचं, दुखन्याचं. अन् पुन्हा ईचार. तिसऱ्यांदा खरं निंगते." मी मान डोलावली. बैलाची खोड चुकली तर शेत अर्धं नांगरून राहतं. इथं मी चुकले तर माझाच माणूस एखाद्या उतारावरून परत यायचा नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

हिरालालच्या जिनिंगच्या शेडमध्ये ती मोटार उभी होती. रंग हिरवा, ठिकठिकाणी पोपडे आलेला. पुढच्या काचेला तडा. यांनी बैलाभोवती फिरावं तसे तिच्याभोवती तीन फेरे घातले, चाकं दाबून पाहिली, मग धोतर खोचून सरळ खाली शिरले. नुसते पाय बाहेर. मला ते पाय तसे पाहवेनात. मी दुसरीकडे तोंड केलं.

हिरालालशेठ गादीवरून उठून आले होते. "चंपतराव, आत बिऱ्हाड थाटता का? बाईबी आणलीच आहे."

हे खालूनच बोलले. "शेठ, माणसं मेली म्हंतात हिच्याखाली."

"कोणी नाही मेलं. लोकांच्या जिभेला हाड नाही. कामरगावच्या गफ्फारची गाडी ही. सवारी नव्हती, सरकी होती. इथंच आपल्या नाल्याच्या उतारावर ब्रेकची सळई सुटली अन् गाडी दगडांवर गेली. त्याचा भाऊ फय्याज शेजारी बसला होता, त्याचा पाय गेला. गफ्फार म्हणाला, मले हे डोळ्यांपुढं नको. मी बैल लावून ओढून आणली, मिस्तरीकडून नीट केली. आता पाहा ना, लागते की नाही."

यांनी बाहेर येऊन ब्रेक दाबून पाहिला. लागत होता. चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आता हे हो म्हणतात. मी पदराआडून म्हटलं, "शेठजीले ईचारा, सळई सुटली काहून?"

"खड्ड्यात सुटली असंल," हेच म्हणाले.

"मंग आता खड्डे बुजले काय?"

हिरालालशेठ हसले. यांना माझा राग आला. तरी सासऱ्यांचा शब्द होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कारंज्याच्या सर्व्हिस मोटारीत बसलो, आणि तिथून पुढं एका ओळखीच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, कामरगावला गेलो. वाटेत हे एवढंच बोलले, की खाली त्यांना एक गोष्ट दिसली आणि तिचा अर्थ लागला नाही. ब्रेकची लांब सळई गंजून तांबडी झालेली, पण मधोमध चार बोटं जागा गुळगुळीत, आरशासारखी. तिच्या वरच्या आडव्या लोखंडावरही तशीच. "कायनं तरी घासलं हाये तठी. बरीच वर्सं."

गफ्फारभाईंचं घर मशिदीच्या मागच्या गल्लीत होतं. ते गाद्या-रजया भरायचे. मोटार गेल्यावर पुन्हा पिंजणीकडे वळले होते. अंगणात कापसाचं पीस उडत होतं. पुरुष बाहेर बसले. मला मेहरबीनं आत घेतलं. ती गफ्फारभाईंची बायको, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, बोलायला मोकळी. तिनं गूळ-पाणी दिलं. मी विचारलं, मोटार काहून विकली?

"नशीब," ती म्हणाली.

मी पाणी प्याले. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

"ह्यांचं मन उतरलं. त्या मोटारीकडे पाहवंना त्याईले."

मग मी तिच्या लेकरांचं विचारलं, तिच्या माहेरचं विचारलं. तिची धाकटी मांडीवर येऊन झोपली. अंगणात लाकडाचा ठक ठक आवाज झाला, आणि दारातून एक तरुण माणूस कुबडीवर चालत गेला. तो फय्याज. आमच्याकडे न बघता गेला.  मी तिसऱ्यांदा काही विचारलंच नाही. मेहरबीच बोलायला लागली.

"कोनाले सांगू नको, बहन. ते सळई त्या दिवशीच सुटली असं नाही. त्याच्या आधी तीनदा सुटलेली. मिस्तरी अडकवून द्यायचा. तीन दिवस बरी चालायची, चौथ्या दिवशी सुटायची. सपाट रस्त्यावर सुटायची म्हून कोनाले काही झालं नाही. मी ह्याईले म्हनलं, नका नेऊ. हे म्हने, सरकी पोचवून येतो अन् मंग पाहतो." ती लेकराच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. "अन् एक गोष्ट हाये. लोक हसतात मले. आमच्या आधी जगदेवभाऊच्या घरी होती तवा ते मोटार मुकी होती. गावात शिरली तं कळायचं नाही. आमच्या दारात आली अन् पह्यल्याच दिवसापासून खडखड, खडखड. जशी गाय इकल्यावर हंबरते ना, तशी. मी म्हनलं, हिले आपलं घर मानवलं नाही."

 तीन दिवस बरी, चौथ्या दिवशी सुटते. हिरालालच्या शेडमध्ये ती उभीच होती, चालवली कुठं होती कोणी? यांनी तिथं हो म्हटलं असतं तर वाशीमच्या चौथ्या खेपेला काय झालं असतं, ते माझ्या डोळ्यांपुढं दिसायला लागलं. मी बाहेर आले आणि यांना बाजूला बोलावून सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. चेहरा पडला.

"मंग नाई घेत," म्हणाले. अगदी लहान आवाजात म्हणाले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. त्यांचं ते तोंड मला बघवेना.

"अजून जगदेवभाऊचं घर राह्यलं," मी म्हटलं. "बाबानं सांगितलं ना, त्याच्या आधीच्याकडे बी जा."

जगदेवभाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. साठीचे, उंच, पांढऱ्या मिशा. दोन जोड्या बैल, भरपूर वावर. कामरगावात पहिली मोटार त्यांनी आणलेली, आणि सहा वर्षं स्वतः हाकलेली. दुपार कलली होती. त्यांनी आम्हाला ठेवूनच घेतलं. "मोटारीची सोयरीक जुळवाले आले, अन् न जेवता जातान काय?" त्यांना खूप बोलायचं होतं. ते आणि हे ओसरीवर बसले. मी आत गोजराबाईंजवळ भाकरीला बसले. त्या जगदेवभाऊंच्या बायको.

गोजराबाईंना विचारावं लागलंच नाही. मोटारीचं नाव काढलं तशा त्या सासरी गेलेल्या लेकीबद्दल बोलावं तशा बोलायला लागल्या. पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर मोटारही धुवायची, शेंदूर लावायचा, पुरणाची पोळी दाखवायची. "लोक म्हनत, तिले तोंड कोठी हाये खायाले? मी म्हनलं, पुढं तं हाये जाळीवालं."

मी म्हटलं, "मेहरबी म्हने, तुमच्या घरी असतानी ते वाजत नव्हती."

"आमच्याकडे बी पह्यल्यांदा वाजे. मंग ह्याईनं बांधून टाकली ना."

"काय बांधलं?"

"दावं. खालून लोखंड खडखडे, तं ह्याईनं अंबाडीचं दावं घेऊन कसकसून आवळलं. झाली मुकी. दर पोळ्याले बैलाईले नवे दावे, तं तिले बी नवं. थांब, दाखवते तुले."

त्या हात धुऊन देवघराकडे गेल्या. देवांच्या खाली, खुंटीवर एक जाड, तेल पिऊन काळं झालेलं दावं टांगलेलं होतं. मधोमध दबून चपटं झालेलं, चार बोटं रुंद. वर हळदकुंकवाची बोटं.

"हे शेवटचं. इकली तवा ह्याईनं खाली शिरून सोडून घेतलं. जनावर द्यावं, दावं देऊ नाई. दाव्यासंगं लक्षुमी जाते. गाय इकली, गोऱ्हे इकले, आमच्या घरातून आजलोग एक दावं बाहेर गेलं नाई."

आमच्या घरीही तसंच होतं. सासऱ्यांनी विकलेल्या सगळ्या बैलांची दावी गोठ्यात होती. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. तरीही माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. चार बोटं रुंद, मधोमध.

मी पाणी द्यायच्या निमित्तानं ओसरीवर गेले आणि यांना खुणावलं. दाराआड सांगितलं. ते दाराच्या चौकटीला टेकले.

"सळई धरून ठेवलेली त्या दाव्यानं," ते म्हणाले. "वरचा आधार तुटला असंल कवाचाच. सगळे मिस्तरी टोकाचा आकडाच पाहत राह्यले. दावं सोडलं अन् सळई झुलाले लागली. झुलता झुलता तीन-चार दिवसांत आकडा निंगे." त्यांचे डोळे पुन्हा चमकायला लागले होते. "अवं, म्हंजे गाडीत खोडच नाई. तठी लोखंडी पट्टी मारली का झालं."

"अन् ह्याईले सांगाल?"

 आत गोजराबाई भाकरी थापत होत्या, तव्यावर फुगलेली भाकर आम्हाला हाक मारून दाखवत होत्या. ओसरीवर जगदेवभाऊ पान लावत होते. या माणसांच्या घरात जेवून, यांना कसं सांगायचं, की तुमच्या खुंटीवरच्या त्या वस्तूपायी पलीकडच्या गल्लीतल्या पोराचा पाय गेला?

"नाई सांगत," हे म्हणाले. "आपल्याले समजलं, बस झालं. दावं फक्त मापाले घेऊन जातो."

जेवण झाल्यावर त्यांनी दावं मागितलं. दोन दिवसांत परत आणून देतो म्हणाले. जगदेवभाऊ हसले. "चंपतराव, दुसरं काही मांगा. दावं देत नसतात, हे तुमाले सांगा लागते काय? तुमी बी खेतीवालेच."

"मापाले पाह्यजे होतं."

"कायच्या मापाले?"

हे जमिनीकडे बघत राहिले. मी दाराशी उभी होते. यांना खोटं येत नाही, हे मला तीन वर्षांत कळलेलं होतं. जगदेवभाऊंनी पानाचा हात खाली घेतला.

"काय झालं? सांगा."

मग यांनी सांगितलं. कमी शब्दांत, सळई कशी झुलते ते दोन बोटांनी दाखवून.  जगदेवभाऊ म्हणाले, "मले तं वाटलं, खडखडते म्हून बांधलं." थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले. गोजराबाई माझ्यामागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला होता, तो किती वेळ सोडलाच नाही.

सकाळी दमणी दारात आली तर जगदेवभाऊ पागोटं बांधून, दावं खांद्यावर टाकून उभे. गोजराबाईंनी अडवलं नाही. "मी येतो संगं," एवढंच ते म्हणाले. गाडी मशिदीच्या गल्लीशी आली तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितलं आणि एकटे गफ्फारभाईंच्या अंगणात गेले.

आम्ही बसून राहिलो. बैल शेपट्या हलवत होते. मला वाटत होतं, आता आरडाओरडा ऐकू येईल, गल्ली गोळा होईल. काही ऐकू येत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. मग फय्याज कुबडीवर दारात आला. त्याच्या मागं जगदेवभाऊ, मान खाली. फय्याजनं त्यांच्या खांद्यावरचं दावं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"चाचा," तो म्हणाला, "लक्षुमी राह्यली का मंग घरात?"

 फय्याजनं दावं परत त्यांच्या खांद्यावर ठेवलं. नीट ठेवलं, घसरणार नाही असं. मग आत वळून भावाला म्हणाला, "तुमी जा संगं. तुमाले त्या गाडीचं समजते. ह्या दोघाईच्या भरोशावर सोडू नका, अजून एखादा पाय जाईन."

गफ्फारभाई येऊन दमणीत बसले. शेलूबाजारपर्यंत तिघा पुरुषांत कोणी कोणाशी बोललं नाही. हिरालालशेठ शेडच्या दारात उभे होते. आम्हा सगळ्यांना उतरताना पाहून म्हणाले, "सौदा आहे का वरात आहे?" कोणी हसलं नाही तसे त्यांनी शेडचं दार उघडलं.

दावं त्या चकाकत्या जागेवर लावून पाहिलं. तंतोतंत बसलं. वरचा आधार खरंच तडकलेला होता. लोहारानं त्याच जागी लोखंडी पट्टी वाकवून बसवली, तिला खिळा घातला, खिळ्याला आडवी तार. गफ्फारभाईंनी ती दोनदा काढायला लावली आणि तिसऱ्यांदा मान हलवली. कामरगाव सोडल्यापासून त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो लोहाराला: "अजून कस."

तेवढ्यानं भागणार नव्हतं. चौथा दिवस बघायचा होता. तीन दिवस यांनी मोटार कारंज्याच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ पळवली, मुद्दाम खड्ड्यांतून, शेडमधल्या सरकीच्या गोण्या भरून. आम्ही हिरालालशेठच्या धर्मशाळेत उतरलो होतो. मी भाकऱ्या करायची आणि कान रस्त्याकडे ठेवायची. आवाज आला की जीव जागेवर यायचा, आवाज थांबला की पुन्हा जायचा. गफ्फारभाई रोज खाली शिरून तार बघायचे. मोटार मुकी झाली होती.

चौथ्या दिवशी सकाळी नाल्यावर गेलो. लांब उतार, खाली वळण, वळणाशी ते दगड. एका दगडावर अजून हिरवा रंग होता. गफ्फारभाई हातात लाकडाचा ठोकळा घेऊन खाली जाऊन उभे राहिले, दगडांच्या अगदी पुढं. मोटार थांबली नाही तर चाकाखाली ठोकळा टाकायचा म्हणे. मी यांना म्हटलं, "त्याईले म्हना, बाजूले हटा." यांनी हाक मारली. गफ्फारभाईंनी ऐकलं नाही.

मी आपली यांच्या शेजारच्या जागेवर चढायला गेले. धर्मशाळेतून निघतानाच ठरवलं होतं मी, कुणाला सांगितलं नव्हतं. पण जगदेवभाऊंनी मला थांबवलं.

"पोरी, उतर. ते जागा माही हाये."

ते चढून बसले. फय्याज जिथं बसायचा तिथं. दोन्ही हात मांडीवर. यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मोटार निघाली.

किती वेळ लागला असेल? दहा श्वास. मी एकही घेतला नाही. मोटार अर्ध्या उतारावर गेली तरी वेग धरतच होती. यांनी ब्रेक लावलाय की नाही ते वरून कळायला मार्ग नव्हता. जगदेवभाऊंचं पागोटं सरळ होतं, जरा हललं नाही. खाली गफ्फारभाईंनी ठोकळा छातीशी धरला. मग मागच्या चाकांतून धूळ उठली, मोटार आखडल्यासारखी झाली, आणि वळणाच्या अलीकडे थांबली. दगडांपासून दोन बैलगाड्या मावतील एवढं अंतर राहिलं.

 मी उतारावरून पळत गेले, वहाण एका पायातली निघून पडली ती तशीच. हे मोटार वळवायच्या चाकावर हात ठेवून बसले होते आणि त्यांना हात सोडता येत नव्हता. जगदेवभाऊ उतरले. गफ्फारभाईंनी ठोकळा खाली टाकला आणि दोघं नाल्याच्या पाण्याशी गेले, हातपाय धुवायला. तिथं त्यांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ झालं. येताना जगदेवभाऊ मोकळ्या खांद्यानं आले. दावं गफ्फारभाईंच्या हातात होतं. त्यांनी खाली शिरून ते पट्टीच्या वरून आवळून बांधलं. लोखंड होतं तरी बांधलं.

सौदा होऊन मोटार मालेगावला आली. सासऱ्यांनी तिच्याभोवती एक फेरा घातला आणि मला विचारलं, "सूनबाई, खोड सापडली?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि त्या जगदेवभाऊंना एकदा आपल्या घरी बोलावू म्हणाले.

आता लोक विचारतील, मंग तुझी काळजी गेली का? नाही गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे वांग्यांच्या टोपल्या चढल्या, मेथीवर ओलं पोतं टाकलं, हे जागेवर बसले. अर्धं गाव बघायला उभं होतं. मोटार चालू झाली. मी जेवणाचं गाठोडं त्यांच्या हाती दिलं आणि मला ते सोडवेना. पट्टी लोहारानं मारली होती, तार गफ्फारभाईंनी पाहिली होती, पण ती दोघं मागं राहिली होती. इथं कोण बघणार?

मी म्हटलं, "बंद करा जरा."

"काहून?"

मी पदर कमरेला खोचला आणि सगळ्यांसमोर मोटारीखाली शिरले. नव्या नवरीपेक्षा थोडीच जुनी होते मी. पाय बाहेर, डोक्यावर पदर नाही. मागं बायका कुजबुजल्या, कोणीतरी गडी हसला. हे वरून म्हणाले, "निंग बाहेर, लोक पाहून राह्यले." मला तार दिसली, खिळा दिसला. मी हात लावून दोन्ही हलवून पाहिलं.

तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला. ते त्या हसणाऱ्या माणसाला काही बोलले नाहीत. माझ्या पायांशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घाई नको करू, बाई. पाहाचं ते नीट पाह्य."